वाफेच्या गाडीत बसायचंय: हुबळी, म्हैसूर, माथेरान की उटी?

सुट्टीत पोरांना 'कोळशाच्या गाडीत' बसवायचं, हे बेळगाव-खानापूरकडच्या घरांत बहुतेक वेळा आजोबाच ठरवतात. मिरज-लोंढा मार्गावर मीटरगेजचे, म्हणजे मीटरभर अंतराचे, रूळ होते त्या काळात त्यांनी खिडकीबाहेर डोकं काढून डोळ्यांत कोळशाची कणी घालून घेतलेली असते. १९९० च्या दशकात ते रूळ रुंद झाले आणि आता नातवंडांना दाखवायला जवळपास काही उरलं नाही. मग शोध सुरू होतो आणि नेटवर दिसणाऱ्या प्रत्येक चिमणीवाल्या इंजिनाला 'स्टीम ट्रेन' म्हटलेलं सापडतं.

म्हणून ठिकाण ठरवण्याआधी एवढंच विचारा: इंजिनात आग आहे का? उद्यानांतल्या बहुतेक छोट्या गाड्यांना चिमणी असते, शिट्टी असते, आणि आत बॅटरी नाहीतर डिझेल. पोर चार वर्षांचं असेल तर त्याला त्याचं काही नाही. गाडी हलली, बोगद्यातून गेली, बस्स. आठ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र फरक कळतो, आणि आजोबांना तर पहिल्या मिनिटात.

लहान पोरांसाठी माझं मत सरळ हुबळीला. बेळगावहून दोन तासांचा रस्ता, सकाळी निघून रात्री जेवायला घरी. स्टेशनजवळचं रेल्वे संग्रहालय २०२० मध्ये सुरू झालं. तिथे जुनी वाफेची इंजिनं उभी आहेत, आणि आवारातल्या दोन जुन्या बंगल्यांना मलप्रभा, घटप्रभा अशी आपल्याच नद्यांची नावं आहेत. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीच्या माणसाला बरं वाटेल. इंजिनं मात्र थंड आहेत, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

म्हैसूरचं संग्रहालय जुनं, १९७९ चं. महाराणींचा सलून डबा बघण्यासारखा आहे आणि आवारात छोट्या गाडीची फेरी मिळते. पण निव्वळ तेवढ्यासाठी रात्रभर प्रवास कशाला? राजवाडा आणि प्राणीसंग्रहालय जोडून जात असाल तर अर्धा दिवस द्या. पुण्यात नातेवाईक असतील तर पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी गाडी आहे, १९५६ पासूनची. निघण्याआधी ती सध्या चालू आहे का, तेवढं त्यांना विचारून घ्या.

माथेरानबद्दल गैरसमज फार. १९०७ ची लाइन, जेमतेम दोन फुटांचं गेज, वळणं अशी की शेवटच्या डब्यातून पुढचं इंजिन दिसतं. पण ओढायला डिझेल. वळणांसाठी जा, वाफेसाठी नको. आणि नुसता घाटच बघायचा असेल तर आपला कॅसलरॉक-कुळे काय वाईट आहे? ३७ फुटांना एक फूट असा चढ, दूधसागर खिडकीतून. फक्त धबधब्यापाशी उतरायचा हट्ट करू नका.

बागेभोवती फिरणारी आणि खरोखर वाफेवर चालणारी गाडी हवीच असेल, तर कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ती १९५५ पासून आहे. तिथलं एक इंजिन १८९४ सालचं, पूर्वी उसाच्या मळ्यात राबलेलं. मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला जाणाऱ्यांनी ती फेरी चुकवू नये. बाकीच्यांनी इथलंच बघावं.

इथलं म्हणजे उटी. निलगिरीची ही गाडी १८९९ मध्ये कुन्नूरपर्यंत आणि १९०८ मध्ये उटीपर्यंत पोचली. मेट्टुपाळयम ते उटी ४६ किलोमीटर, वर जायला पाच तासांच्या आसपास. गेज मीटरच, म्हणजे आजोबांच्या आठवणीतल्या बेळगावच्या रुळांइतकंच रुंद. चढ इतका तीव्र की रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी बसवली आहे, इंजिनाचं दातेरी चाक तिच्यात अडकत वर सरकतं, आणि इंजिन पुढून ओढत नाही, मागून ढकलतं.

पण इथेच बरेच लोक फसतात. वाफेचं इंजिन फक्त मेट्टुपाळयम ते कुन्नूर या टप्प्यात असतं. कुन्नूरच्या वर डिझेल. उटीला मुक्काम करून 'उटी ते कुन्नूर' अशी छोटी फेरी मारणारे वाफेच्या गाडीत बसल्याच्या आनंदात परत येतात, आणि बसलेले असतात डिझेलमागे.

दुसरा पर्याय म्हैसूर, बंदीपूरमार्गे उटी गाठायची आणि दुपारच्या गाडीने खाली मेट्टुपाळयमला उतरायचं. सोयीचं आहे, वाफही मिळते. जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सहा बंद असतो एवढं लक्षात ठेवा. तरी मी चढतीचीच गाडी घेईन. उतारावर इंजिनाचं काम गाडी आवरून धरण्याचं. वर जाताना ते धापा टाकतं, वाटेत पाणी प्यायला थांबतं, तेव्हा खाली उतरून त्याची धग अंगावर घेता येते. त्यासाठी आदल्या रात्री मेट्टुपाळयमला मुक्काम हवा, कारण गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते. बेळगावहून बंगळूर, कोइमतूर करत पोचेपर्यंत मोठ्यांचीही कंबर मोडते, म्हणून सहाच्या खालचं पोर बरोबर असेल तर हा बेत पुढे ढकला.

तिकीट सुट्टीच्या दिवसांत लवकर संपतं, आरक्षण उघडलं की लगेच काढा. आणि बेत दिवाळीच्या सुट्टीचा असेल तर जपून: ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या बाजूला जोरदार पाऊस असतो, दरडी कोसळतात आणि गाडी रद्द होते. तेव्हा दिवाळीला हुबळी, आणि उटी एप्रिलच्या शेवटी, शाळांचे निकाल लागल्यावर.