मेहरूणच्या फेऱ्या की जिममधली वजनं? चाळिशीनंतर ठरवताना

पहाटे साडेपाचला मेहरूण तलावावर गेलं की अर्धं जळगाव चालताना दिसतं. त्याच वेळी गल्लीगल्लीत जिमची शटरं वर जात असतात. माझ्या मावसभावाला डॉक्टरांनी सांगितलं, साखर काठावर आहे, व्यायाम सुरू करा. वय ४६, वजन जेमतेम ६४ किलो, हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढं. त्यानं मला विचारलं, "दादा, फिरायला जाऊ का जिम लावू? दोन्हीला वेळ नाही भो." हे त्याच्यासाठी लिहितोय, पण असा माणूस आपल्या खान्देशात घरोघरी आहे.

त्याचं वजन जास्त नाही, म्हणून घरातले निश्चिंत होते. इथंच फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच एकत्र फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडच्या माणसाचं दुखणं नेमकं हेच आहे: चरबी पोटात लपलेली आणि स्नायू कमी.

आता दोन्ही व्यायाम समोरासमोर ठेवू. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं २०१२ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. वजन जास्त असलेल्या लोकांचे तीन गट केले आणि आठ महिने एका गटाला दमश्वासाचा (जोरात चालणं, सायकल असा) व्यायाम, दुसऱ्याला वजनं आणि तिसऱ्याला दोन्ही करायला लावलं. पहिल्या गटाची चरबी सुमारे १.७ किलोनं उतरली, पण स्नायू वाढले नाहीत. वजनं उचलणाऱ्यांची चरबी जवळपास होती तिथंच राहिली, स्नायू मात्र साधारण १.१ किलोनं वाढले. दोन्ही करणाऱ्यांना दोन्ही मिळालं, पण वेळ दुप्पट गेला. तिथला दमश्वासाचा व्यायाम आठवड्याला १९ किलोमीटरच्या आसपास होता, तोही धाप लागेल अशा वेगानं. तलावाकाठी गप्पा मारत घातलेली फेरी या हिशेबात धरू नका.

म्हणजे नुसती चरबी उतरवायची तर जोरात चालणं सरस. पण माझ्या भावाकडे स्नायूच नाहीत. ६४ किलोतून आणखी चार किलो उतरवले तर तो नुसता अशक्त दिसेल. त्याच्यासाठी माझा कौल वजनांना.

साखरेचा हिशेब थोडा वेगळा आहे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा तो इन्सुलिनची वाट न पाहताही साखर आत ओढतो. २०१३ च्या एका छोट्या अभ्यासात साखरेचा धोका असलेल्या वयस्कर लोकांना तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालवलं. रात्रीच्या जेवणानंतरच्या साखरेवर त्याचा गुण सकाळी एकदम ४५ मिनिटं चालण्यापेक्षा चांगला आला. आपल्याकडे शेवभाजी-भाकरी खाऊन माणूस थेट आडवा होतो. ती सवय मोडायला जिमची फी लागत नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ वर असताना तर रात्रीचं चालणंच सोयीचं.

हार्मोन्सबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण जिममध्ये सगळ्यात जास्त चुकीचं याबद्दल कानावर पडतं. "पायांचा व्यायाम केला की टेस्टोस्टेरॉन वाढतं, मग सगळं अंग भरतं," असं पोरांना सांगतात. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषी हार्मोन. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटानं हे तपासून पाहिलं. प्रत्येक माणसाचा एक दंड नुसता कमावला. दुसरा कमावताना लगेच पायांचा जड व्यायाम दिला, म्हणजे हार्मोन्स उसळावेत. १५ आठवड्यांनी दोन्ही दंड सारखेच वाढले. ती उसळी थोड्या वेळात ओसरते, स्नायू वाढतो तो त्याच्यावर पडलेल्या भारामुळे.

बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनची गोष्ट निराळी. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डॉ. शलेंदर भसीन यांच्या प्रयोगात दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम, १० आठवडे टोचलं, तर व्यायाम न करणाऱ्यांचंही चरबीविरहित वजन ३.२ किलोनं वाढलं. म्हणूनच पोरं इंजेक्शनच्या नादी लागतात. पण बाहेरून माल येतोय म्हटल्यावर मेंदू अंडकोषांना धाडायचा संदेश थांबवतो, अंडकोष आक्रसतात आणि शुक्राणू घटतात. लग्नाच्या वयातल्या पोरांनो, एवढं वाचूनच त्या बाटलीला हात लावायचा की नाही ते ठरवा.

अमळनेरच्या माझ्या मोठ्या वहिनी ५३ वर्षांच्या. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं, चरबी पोटाकडे सरकते आणि हाडं झिजू लागतात. नुसत्या चालण्यानं हाडांना फारसा फायदा होत नाही. ऑस्ट्रेलियात हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रियांवर झालेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या एका गटानं आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलली. आठ महिन्यांत कण्याच्या हाडांची घनता वाढली, हलका व्यायाम करणाऱ्या गटाची घटली. वहिनींना भीती होती ती पुरुषी अंगाची. बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या मानानं इतकं कमी असतं की डंबेल उचलून तसं अंग होत नाही.

"आम्ही शेतात राबतो, आणखी व्यायाम कशाला?" हेही ऐकू येतं. कपाशी वेचताना कंबर दिवसभर वाकलेली असते, पण हातावर भार जवळपास नाही, आणि तो हळूहळू वाढतही नाही. थकवा येतो, ताकद वाढत नाही.

भावाला शेवटी असं लिहून दिलं: आठवड्यातून दोन दिवस जिम, आणि रोज रात्री जेवल्यावर पंधरा मिनिटं गल्लीत चालायचं. जिम चुकली तर खुर्चीवरून हात न टेकता उठबस करायची, आणि पाच लिटरचा तेलाचा भरलेला डबा दोन्ही हातांनी छातीपासून डोक्यावर न्यायचा. छातीत दुखत असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. वजनकाट्याऐवजी शिंप्याची टेप आणायला सांगितली. आपल्या पुरुषांना कंबर ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बायकांना ८० च्या. पहिल्या रविवारी त्याची ९६ भरली.