नाशकात बसून काम करायला जागा: कंपनीचं ॲप की लोकांची यादी?

घरच्या डायनिंग टेबलाला कंटाळलेल्यांसाठी नाशकात कोवर्किंगच्या जागा आता बऱ्यापैकी आहेत. प्रश्न त्या शोधायच्या कुठे, एवढाच. कंपन्यांची सीटा विकणारी ॲप आहेत आणि लोकांनी मिळून चालवलेल्या याद्या आहेत: ओपनस्ट्रीटमॅप (कुणालाही भर घालता येणारा ऑनलाइन नकाशा), नाहीतर ग्रुपमध्ये फिरणारी एखादी शेअर्ड शीट. मी दोन्ही वापरतो.

ॲपचे फायदे खरे आहेत. फोटो बघायला मिळतात, डे पास लगेच निघतो, 18 टक्के जीएसटी लावलेलं बिल मेलवर येतं. ऑफिसकडून पैसे परत घ्यायचे असतील तर हे बिल फार उपयोगी पडतं. मीटिंग रूम दोन तासांसाठी हवी असली तरी ॲपच सोयीचं.

माझं बिनसलं ते पत्त्यावरून. मी बघत होतो त्या ॲपवर जागेचं नाव नव्हतंच; ‘प्रीमियम कोवर्किंग, गंगापूर रोड’ एवढंच. आता गंगापूर रोड म्हणजे अशोक स्तंभापासून पार सोमेश्वरच्या पुढेपर्यंत. नंबर टाकल्याशिवाय पत्ता उघडेना, आणि नंबर टाकला तर पत्त्याच्या आधी फोन आला. “सर, किती सीटर बघताय? बजेट काय धरलंय?” मला एक खुर्ची आणि एक प्लग पॉइंट हवा होता. ‘एकच’ म्हटल्यावर पलीकडचा उत्साह मावळला, पण दुसऱ्या दिवशी टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, ऐन स्टँडअपमध्ये, वेगळ्या नंबरवरून तोच प्रश्न हजर. नंतर बरेच दिवस हे चालू होतं. आपण परस्पर दारात गेलो तर यांची दलाली बुडते, म्हणून पत्ता झाकायचा. धंदा म्हणून त्यांचं चूक नाही म्हणा, आणि सगळीच ॲप असं करतात असंही नाही. माझं मन मात्र तिथेच उडालं.

शीटमध्ये कॉलेज रोडच्या एका जागेपुढे कुणीतरी लिहून ठेवलं होतं: ‘लाइट गेली की इन्व्हर्टरवर राउटर चालतो, एसी नाही. कॉल आला तर जिन्यात जावं लागतं.’ असलं वाक्य ॲपवर सापडणं कठीण, कारण तिथे खरं गिऱ्हाईक जागामालक असतो. उन्हाळ्यात दुपारचा क्लायंट कॉल असेल तर मला चकाचक फोटोंपेक्षा ही ओळ मोलाची वाटते.

याद्या शिळ्या होतात, हे कबूल. बंद पडलेला कॅफे नकाशावर दिमाखात उभा असतो. पण ओपनस्ट्रीटमॅपवर प्रत्येक नोंदीचा इतिहास तारखेसकट दिसतो, म्हणजे विश्वास किती ठेवायचा ते ठरवता येतं. चुकीचं दिसलं तर आपणच बदलायचं. स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप तर रस्त्याने जाता जाता ‘इथे वायफाय आहे का’ छापाचे प्रश्न विचारतं. सगळ्यांना ही हौस नसते, मान्य.

अजून एक. फोरस्क्वेअरने 2024 च्या डिसेंबरमध्ये आपलं कॅफे-हॉटेलं शोधायचं सिटी गाइड ॲप बंद केलं, आणि लोक वर्षानुवर्षं जिथे टिपा लिहीत आले ते ठिकाणच गेलं. ओपनस्ट्रीटमॅप 2004 पासून चालू आहे, आणि उद्या कुणाचा मूड फिरला तरी त्यातल्या माहितीची प्रत कुणालाही उतरवून घेता येते.

टीम घेऊन बसायचं असेल, करारमदार करायचा असेल, तर ॲपवाल्यांशीच बोला. घासाघीस करायला त्यांचा माणूस असतो. एकटे असाल तर आधी यादी बघा आणि सरळ जाऊन दार ठोठवा. मालक समोर असला की दर थोडा उतरतोही. माझा तरी उतरला.