परतीच्या पावसात गाडीने कोकण: श्रीवर्धन, दापोली-गुहागर की मालवण?

अनंत चतुर्दशीपासून दिवाळीपर्यंतचा दीड महिना पुण्याहून स्वतः गाडी चालवत कोकणात उतरायला फार चांगला. गणपतीला आलेले चाकरमानी परतलेले असतात, डिसेंबरची गर्दी अजून लांब असते, भात पिवळं पडायला लागलेलं असतं आणि घाटातलं पाणी आटलेलं नसतं. पण पाऊस संपलेला नसतो, हे धरूनच बेत करावा लागतो. हवामान खात्याच्या सर्वसाधारण तारखांनुसार मोसमी पाऊस मुंबईतून ८ ऑक्टोबरला आणि पुण्यातून ९ ऑक्टोबरला माघारी फिरतो. दक्षिण कोकणातून त्याला जायला आणखी काही दिवस लागतात. या परतीच्या पावसाचं वेळापत्रकही ठरलेलं असतं: सकाळ लख्ख, दुपारी उकाडा, मग सह्याद्रीच्या माथ्यावर ढग जमतात आणि चारनंतर विजांसह कोसळतो.

पुण्यात या दिवसांत चर्चा होते ती किनाऱ्यांची. दिवेआगरचा किनारा चांगला की गुहागरचा, तारकर्लीचं पाणी निळं की हिरवं. माझं मत वेगळं आहे. समुद्र तिन्हीकडे सुंदरच आहे. पावसाळी दिवसांत निवड करायची ती घाट कोणता आणि हातात रात्री किती, यावरून.

पर्याय तीन. पहिला दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर, पुण्यापासून साधारण १६० ते १८० किलोमीटर. दुसरा दापोली-दाभोळ-गुहागर, दापोलीपर्यंत दोनशेच्या आसपास आणि पुढे खाडी ओलांडून गुहागर. तिसरा मालवण-वेंगुर्ला, कोल्हापूरमार्गे ३८० ते ४०० किलोमीटर. अलिबाग मी मुद्दाम धरलेलं नाही. तिथे शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी असते आणि पुणेकराला त्यासाठी सुट्टी खर्च करण्याचं कारण दिसत नाही.

घाट

पहिल्या दोन्ही पर्यायांना ताम्हिणी लागतो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी धरणाचा काठ, मग ताम्हिणी, निजामपूर, माणगाव. बाकीच्या घाटांच्या मानाने याचा उतार सौम्य आहे, वळणं अंगावर येत नाहीत, मागे बसलेल्या मुलांना आणि आजी-आजोबांना त्रास कमी होतो. पण पाऊस इथे काय करू शकतो तेही लक्षात ठेवा: जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ऑक्टोबरात तसा कोसळत नाही, पण जुलैने खचवलेल्या कडा आणि पाडलेले खड्डे ऑक्टोबरातही तिथेच असतात. खरा धोका धुक्याचा आणि धबधब्यापाशी वळणावरच गाडी लावणाऱ्यांचा. सात-साडेसातपर्यंत घाट उतरून झाला तर दोन्ही टळतात. म्हणजे पुण्यातून पहाटे पाचला निघायचं. याला दुसरा उपाय नाही.

दापोलीचा बेत असला की मोबाइलचा नकाशा बऱ्याचदा भोरवरून वरंधा घाट दाखवतो, कारण अंतर कमी. तिकडे जाऊ नका. रस्ता अरुंद आहे, दरडी येतात, पावसाळ्यात प्रशासन तो वरचेवर बंद ठेवतं आणि बंदी उठल्यावरही डागडुजी चालूच असते. महाबळेश्वरवरून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट देखणा आहे, पण लांब, खोल आणि धुक्यात बुडालेला. महाबळेश्वरला मुक्काम असेल तरच तो घ्यावा, आणि तोही उजेडात.

दुसऱ्या पर्यायाचा मोठा फायदा म्हणजे जाता-येता घाट वेगवेगळा घेता येतो. उतरायला ताम्हिणी, मग महाड, काशेडीचा बोगदा आणि खेडवरून दापोली. परतताना गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण आणि उंब्रजला महामार्ग. कुंभार्लीत मालट्रकांची वर्दळ असते, पण रस्ता रुंद आहे आणि चढताना तो उतरण्यापेक्षा पुष्कळ सोपा जातो. परतीचं अंतर तीनशेच्या आसपास भरतं, मात्र निम्म्याहून जास्त भाग चौपदरी. शिवाय रविवारची माणगावची कोंडी पूर्ण टळते. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललं आहे आणि माणगाव-इंदापूर हा पट्टा सुट्टीच्या दिवशी आजही गाड्या अडवून धरतो. श्रीवर्धनहून परतणाऱ्याला म्हसळ्यावरून याच माणगावात यावं लागतं. तिथून रविवारी दुपारी निघणं म्हणजे आधी कोंडी आणि मग संध्याकाळच्या पावसात अंधारा ताम्हिणी. सकाळीच निघा. नाहीतर सोमवारची रजा टाका.

मालवणसाठी कोल्हापूर गाठेपर्यंतच पाच तास जातात, कारण सातारा ते कागल रस्त्याची कामं लांबल्यामुळे जागोजागी वळण-रस्ते आहेत. पुढे तीन वाटा: गगनबावड्यावरून, राधानगरीवरून फोंडा घाटाने, किंवा आजऱ्याकडून आंबोलीने. फोंड्याची वाट दाजीपूरच्या जंगलातून जाते. तिथे गवे रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडल्यावर ती घेऊ नये. आंबोली लांबची पण भरवशाची, आणि वेंगुर्ल्याला जायचं असेल तर सरळ. कोणतीही घेतली तरी दिवसाचे आठ-नऊ तास गाडीत जातात. एकटाच चालवणारा असेल तर हा पल्ला एका दिवसात करू नये. कोल्हापूरला रात्र काढावी.

पाऊस ठाण मांडून बसला तर

निवड खरी इथे ठरते. तिन्ही ठिकाणी सलग दोन दिवस पाऊस पडला असं समजा आणि मग बेताकडे बघा.

मालवणचं मोठं आकर्षण पाण्यावर आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी, देवबागची खाडीसफर, तारकर्लीचं स्कूबा. पावसाळ्यातली बंदी संपून सप्टेंबरपासून होड्या सुरू होतात खऱ्या, पण वारा सुटला की त्या दिवशी बंद. आणि स्कूबासाठी गेलात तर ऑक्टोबरच्या सुरुवातीला नद्यांचा गाळ पाण्यात असतो, खाली फारसं दिसत नाही. चारशे किलोमीटर जाऊन खोलीच्या खिडकीतून समुद्र बघायची वेळ येऊ शकते. म्हणून मालवण मी कोजागिरीच्या आधी सुचवत नाही, दिवाळीनंतर आनंदाने सुचवतो. ताज्या बांगड्यासाठी आणि तिरफळाच्या आमटीसाठी जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना पाऊस आडवा येत नाही.

दिवेआगर-श्रीवर्धनला पाऊस लागला तर करण्यासारखं थोडंच उरतं: सुवर्ण गणेशाचं दर्शन, श्रीवर्धनला बाळाजी विश्वनाथ पेशव्यांच्या गावातून एक फेरी, सुपारीच्या वाड्या. पण ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांना हेच पुरतं. दोन रात्री, छान जेवण, पडवीत बसून पाऊस बघणं. उघडीप मिळाली की दिवेआगरहून शेखाडी, आरावीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता घ्या. गाडीच्या खिडकीतून इतका जवळून आणि इतका वेळ समुद्र दाखवणारा रस्ता पुण्याच्या एवढ्या जवळ दुसरा मला माहीत नाही.

दापोली-गुहागरच्या बेतात पावसाला मधे मधे चुकवता येतं. ठिकाणं एकमेकांना लागून आहेत. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णैचा संध्याकाळचा मासळीचा लिलाव, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग (२०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक), दाभोळला जमिनीखालच्या गुहेतली चंडिकादेवी, पलीकडे अंजनवेलचा गोपाळगड, गुहागरचा व्याडेश्वर, हेदवीचा दशभुज गणेश. तासाभराची उघडीप मिळाली तरी एक ठिकाण होतं. पुन्हा कोसळला तर देवळाच्या सभामंडपात उभं राहता येतं. वेळासची कासवं मात्र या दिवसांत नसतात. ती फेब्रुवारी ते एप्रिलची गोष्ट, त्यासाठी वाट वाकडी करू नका.

खाड्या आणि फेरीबोटी

दाभोळ ते धोपावे ही गाड्या नेणारी फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली आणि दापोली-गुहागर हा एका सहलीचा बेत तिने शक्य केला. ती नसेल तर खेड-चिपळूणचा शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. तिच्यामुळे रस्त्याचं अंतर पन्नासएक किलोमीटरवर येतं. हरिहरेश्वरजवळची बागमांडला-वेश्वी फेरी पहिला पर्याय दुसऱ्याला जोडते, आणि तवसाळ-जयगड फेरी गुहागरहून पुढे गणपतीपुळे-रत्नागिरीकडे नेते. हातात एक जादा रात्र असेल तर जयगड ओलांडून मालगुंडचं केशवसुतांचं स्मारक आणि आरे-वारेचा रस्ता बघून आंबा घाटाने परतावं.

वादळी वाऱ्यात फेरी थांबते. म्हणून त्या दिवसाचा बेत असा ठेवा की दोन तास गेले तरी काही बिघडणार नाही. रोख पैसे जवळ असू द्या, धक्क्यावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त तीव्र आणि निसरडा होतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये, सावकाश, आणि बोटीवरचा माणूस हाताने दाखवेल तशीच घ्या.

समुद्र या दिवसांत

ऑक्टोबरचा समुद्र वरून शांत दिसला तरी ओढ असते. गणपतीपुळे आणि हरिहरेश्वर इथे तर पोहूच नये. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग खडकांवरून, लाटांच्या अगदी शेजारून जातो. तो फक्त ओहोटीला आणि गावकऱ्यांना विचारूनच करायचा. हेदवीच्या बामणघळीत भरतीचं पाणी उंच उसळतं. ते दुरून बघण्यातच शहाणपण आहे.

भरतीची वेळ काढायला किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. दशमीला साडेसात, म्हणजे दसऱ्याला सकाळी-संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी दीडच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेला सव्वाअकरा, आणि तेव्हा उधाण. म्हणजे दसऱ्याला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा दुपारी जमते, कोजागिरीला भर दुपारी पाणी पायऱ्यांपर्यंत आलेलं असतं. हिशेब ढोबळ आहे, पण मुक्कामाचे दिवस ठरवायला पुरतो.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरती चढू लागली की चाकं गिळते. मग ट्रॅक्टर येईपर्यंत खारं पाणी इंजिनात गेलेलं असतं.

गाडी, खोली, जेवण

भाड्याची सेल्फ ड्राइव्ह गाडी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, आणि ताब्यात घेताना वायपर, स्टेपनी आणि टायरची नक्षी बघा. मालवणला जाताना मोठी गाडी आरामाची. दापोली-गुहागरच्या वाड्यांमधल्या चिरेबंदी गडग्यांमधून, म्हणजे दगडी कुंपणांमधून, मात्र छोटी गाडी सुखाने जाते. पेट्रोल माणगाव, दापोली, चिपळूण अशा मोठ्या गावात भरून घ्या. सीएनजीच्या भरवशावर किनारपट्टीला राहू नका.

जेवणात दापोली-गुहागर आणि दिवेआगरला शाकाहारी माणसाची चंगळ, उकडीचे मोदक आणि घावन. मालवण मासे खाणाऱ्याचं. घरगुती राहण्याच्या सोयी तिन्हीकडे चांगल्या आहेत. वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर आहे का ते आधी विचारा.

तर मग कोणी कुठे

दोनच रात्री आहेत, बरोबर लहान मूल किंवा सत्तरीचे आईवडील आहेत: श्रीवर्धन-दिवेआगर, शुक्रवारी पहाटे निघून रविवारी सकाळी परत. पाच रात्री आहेत, चालवणारे दोघं आहेत आणि तारीख कोजागिरीनंतरची आहे: मालवण, जाताना कोल्हापूर मुक्काम. मधल्या सगळ्यांनी, म्हणजे तीन-चार रात्री मिळणाऱ्या बहुतेक पुणेकरांनी, दापोली-गुहागर करावं. दोन रात्री दापोलीच्या बाजूला, कर्दे किंवा आंजर्ल्याला, मग दाभोळची फेरी, एक किंवा दोन रात्री गुहागरला, कुंभार्लीने घरी. पितृपक्षात गेलात तर खोल्या सहज मिळतात आणि किनारा जवळजवळ रिकामा असतो. दसऱ्याला जोडून जायचं असेल तर घटस्थापनेच्या आधीच खोली पक्की करा.

आदल्या रात्री मुक्कामाच्या घरी फोन करा आणि एवढंच विचारा: आज घाटातून कोणी आलं का, कुठल्या वाटेने आलं, आणि खाडीवर फेरी चालू आहे का.