बोटीचा विमा होता, बोटाचा नव्हता

आधीच सांगतो, आम्ही काही शेठ लोक नाही. तिघे मित्र, तिघेही भोसरी-चाकणला खपणारे, वर्गणी काढून एक सेकंडहँड 30 फुटी शिडाची यॉट घेतली. ती उभी मुंबईत गेटवेसमोर मुरिंगला (म्हणजे भर पाण्यात बांधून) आणि आम्ही दर दुसऱ्या शनिवारी पहाटे चारला एक्सप्रेसवेवर. बायको म्हणते खडकवासल्यात काय पाणी कमी होतं का. असो. रोज जाणं जमत नाही म्हणून एक तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि एक खलाशी पगारावर ठेवलेत, आणि हा रिव्ह्यू त्या दोघांच्या कामावरच्या अपघातासाठी काढलेल्या पॉलिसीचा आणि ती काढून देणाऱ्या एरंडवण्यातल्या ब्रोकरचा आहे. नाव टाकत नाही, कारण खाली थोडं वाकडंही लिहिलंय.

झालं काय, 2024 च्या नोव्हेंबरात मांडव्याजवळ नांगर उचलताना खलाशाची तर्जनी साखळीखाली सापडली आणि पहिलं पेरच गेलं. पोरगं 30 वर्षांचं. तांडेलाचा फोन आला, "शेठ, पोराचं बोट गेलं." मी तसाच आमच्या जुन्या एजंटला फोन लावला, तर तो म्हणतो, "बोट गेली? कुठं बुडाली?" अहो गेली नाही, गेलं! दोन मिनिटं हाच घोळ. तो मिटल्यावर अगदी शांतपणे म्हणाला, मग सर आपल्या पॉलिसीत ते बसत नाही.

आणि खरंच बसत नव्हतं. आमची पॉलिसी लंडनच्या 1985 सालच्या इन्स्टिट्यूट यॉट क्लॉजेसवर, म्हणजे यॉटच्या विम्याच्या छापील ठराविक अटींवर होती. त्यात बोट बुडणं, आग, चोरी वगैरे आहे, आपण दुसऱ्याच्या बोटीला ठोकलं तर त्याचीही भरपाई आहे, पण बारीक अक्षरात स्पष्ट लिहिलंय की मालकाने कामावर ठेवलेल्या माणसाला काही झालं तर ती जबाबदारी यात नाही. तीन वर्षं प्रीमियम भरला आणि ही ओळ ना एजंटने वाचली ना मी. हा एजंट पहिल्या वर्षी मला बोटीचं आरसी बुक मागत होता, तेव्हाच कळायला हवं होतं खरं तर.

मग एका मित्राने या ब्रोकरकडे नेलं. झालेल्या अपघाताला आता काही करता येणार नाही हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, हे मला आवडलं. पहिला प्रश्न विचारला, "इंजिन आहे ना?" म्हटलं छोटं डिझेल आहे, जेटीला लावताना लागतं. म्हणाले झालं तर मग, शिडाची असली तरी 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा तुम्हाला लागू (तेव्हा तोच होता, नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय). आणि कुरिअरच्या पाकिटाच्या मागे हिशोब मांडला: पगार 22,000 असला तरी कायदा तेव्हा 15,000 च धरायचा, त्याचे 60 टक्के 9,000, वय 30 चा फॅक्टर (कायद्याच्या तक्त्यात वयानुसार दिलेला आकडा) 207.98, गुणाकार 18,71,820. ही झाली कायमच्या पूर्ण अपंगत्वाची रक्कम. तर्जनीचं एक पेर म्हणजे त्याच्या 9 टक्के, 1,68,464 रुपये. पेराचाही दर ठरलेला असतो हे तेव्हा कळलं, जरा कसंसंच झालं. हॉस्पिटलचं बिल वेगळं, तेही मालकानेच द्यायचं. आणि महिन्याच्या आत पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर 50 टक्क्यांपर्यंत दंड, आणि तो दंड विमा असता तरी कंपनीने दिला नसता. भरपाईचे आणि बिलाचे पैसे आम्ही तिघांनी वाटून भरले.

आता नवी पॉलिसी. ही माणसांच्या नावावर नाही, संख्या आणि पगारावर काढलीय, त्यामुळे पुढच्या सीझनला खलाशी बदलला तरी चालतं. मेडिकल एक्स्टेन्शन, म्हणजे उपचाराच्या खर्चाचं जादा कव्हर, वेगळं मागून घ्या, ते आपोआप येत नाही! प्रीमियम 18 टक्के जीएसटी धरूनही आमच्या एखाद्या वीकएंडच्या पेट्रोल-टोलइतकाच पडला, म्हणजे इतकी वर्षं कशासाठी वाचवत होतो देव जाणे.

तक्रार एकच पण मोठी. पॉलिसी आली तर कामाचं ठिकाण म्हणून छापलेलं माझ्या कोथरूडच्या फ्लॅटचा पत्ता. अरे कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर कोण नांगर उचलतंय? दुरुस्ती सांगितली तर नुसतं गेटवे टाकून दिलं. जूनमध्ये बोट पाण्याबाहेर काढतो तेव्हा हेच दोघं यार्डात शिडीवर चढून तळ खरवडतात, रंग मारतात, पडायचा धोका तिथेच जास्त, आणि मुरिंगपर्यंत जायची डिंगी (छोटी होडी) पण पॉलिसीत कुठेच नाही. यार्ड, डिंगी, मांडवा सगळं लिहून घ्यायला 19 दिवस आणि अकरा फोन. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका येतात, उत्तर येत नाही. शेवटी ऑफिसात जाऊन बसलो तेव्हा तासाभरात झालं.

तर साडेतीन स्टार. माहिती पाच स्टारची, कागदपत्रं दोनची. रिन्यूअल यांच्याकडेच करणार, पण फोनवर नाही, समोर बसून. खलाशी परत आलाय, गाठी पूर्वीसारख्याच मारतो, फक्त साखळीला आता हात लावत नाही, ते काम तांडेल करतो आणि त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यात पॉलिसीची झेरॉक्स लॅमिनेट करून ठेवलीय, मी सांगितलं नव्हतं.