दोन टाक्यांचे वॉशिंग मशीन: इंदूरच्या पाण्यावर वापरून पाहिल्यानंतर

इंदूरमध्ये वॉशिंग मशीन घ्यायला निघालेल्या कुटुंबाने दुकानात पाऊल टाकण्याआधी आपल्या नळाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या शहराचे पिण्याचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरून, नर्मदेकाठी मंडलेश्वरजवळ असलेल्या जलूदहून, विंध्याचा चढ चढवून आणले जाते आणि अनेक वसाहतींत ते एक दिवसाआड येते. मधल्या वेळात घर चालते ते गच्चीवरच्या टाकीवर नाहीतर बोअरच्या जड, म्हणजे क्षारयुक्त, पाण्यावर. लोकमान्य नगरातील आमच्या घरी दोन्ही प्रकार आहेत. त्यामुळे जुने फुली ऑटोमॅटिक मशीन बंद पडल्यावर आम्ही त्याच जातीचे, अधिक नवे यंत्र न घेता साडेसात किलोचे, दोन टाक्यांचे सेमी ऑटोमॅटिक घेतले. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण या प्रकारातील यंत्रांची रचना सगळ्यांची जवळपास सारखीच असते आणि मला जे सांगायचे आहे ते एका कंपनीपेक्षा या संपूर्ण प्रकाराविषयी आहे.

एका टाकीत कपडे धुवायचे आणि दुसरीत, म्हणजे ज्याला सगळे ड्रायर म्हणतात त्यात, ते पिळून काढायचे, एवढेच हे यंत्र करते. धुण्याच्या टाकीच्या तळाशी एक चकती असते. ती काही सेकंद एका दिशेने फिरते, क्षणभर थांबते आणि मग उलट फिरते. दोन्ही टाक्यांच्या मोटरी वेगळ्या असतात. वर धुण्याचा पंधरा मिनिटांपर्यंतचा टायमर, पिळण्याचा पाच मिनिटांपर्यंतचा टायमर आणि पाणी सोडण्याचे बटण असते. आमच्या यंत्रातले टायमर चावीचे आहेत. पाणी बाहेर फेकायला पंप नाही. पाइप खाली टाकला की पाणी उताराने निघून जाते. हीटर नाही, त्यामुळे विजेचा भार तीन-चारशे वॅटच्या आसपास राहतो. पाणी नळाने भरा किंवा बादलीने भरा, यंत्राला त्याचे काही देणेघेणे नसते.

हा शेवटचा मुद्दा वाचायला किरकोळ वाटेल, पण आमच्या निर्णयात त्याचा वाटा सर्वांत मोठा होता. पाण्याची टाकी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर नळाला साधारण एक बार दाब मिळतो. बऱ्याच फुली ऑटोमॅटिक यंत्रांना निदान 0.3 बार दाब लागतो, म्हणजे टाकी तीन मीटर तरी उंच हवी. आमचे न्हाणीघर गच्चीच्या लगेच खाली आहे आणि टाकीचा तळ तेथील नळापासून जेमतेम दोन मीटर वर आहे. अशा घरात फुली ऑटोमॅटिक चालवायचे तर दाब वाढवणारा पंप बसवा, पंपासाठी वेगळी वीजजोडणी घ्या, बोअरच्या पाण्यातील क्षारांसाठी गाळणी लावा, विजेच्या चढउतारासाठी स्टॅबिलायझर आणा, अशी एकेक भर पडत जाते. एका गुंतागुंतीच्या वस्तूला सांभाळण्यासाठी आणखी चार वस्तू घरात येतात आणि त्या चारांपैकी कोणतीही बिघडली तरी धुणे अडते.

जेल रोडवरच्या दुकानात मात्र साधे यंत्र मागणे सोपे नव्हते. विक्रेत्याने आम्हाला आधी मोठ्या काचेच्या दाराचे, मोबाइलवरून चालणारे, पंधरा प्रकारची धुलाई करणारे मशीन दाखवले. दोन टाक्यांची यंत्रे मागच्या भिंतीशी एका रांगेत उभी होती आणि त्यांच्याविषयी सांगण्यासारखे त्याच्याकडे फारसे काही नव्हते. "आंटी जी, इसमें तो आपको कुछ करना ही नहीं है, बस बटन दबाइए," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्यावर माझ्या सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, त्याला विचार, मध्येच पाणी गेलं तर हे मशीन काय करतं?" त्याने प्रामाणिकपणे सांगितले की यंत्र थांबते, पडद्यावर सूचना येते आणि पाणी आले की पुढे चालते. दार मात्र तोवर बहुधा उघडत नाही. ज्या घरी पाणी परवा येणार आहे, त्या घरी साबणाच्या पाण्यातले कपडे बंद दाराआड किती वेळ ठेवायचे, याचे उत्तर त्या पंधरा प्रकारांत नव्हते.

दुकानात उभे असताना जास्त सोयींचे यंत्रच आपल्याला ओढून घेते, हा काही आपल्या मनाचा विशेष दुबळेपणा नव्हे. डेबोरा थॉम्पसन, रेबेका हॅमिल्टन आणि रोलंड रस्ट या अभ्यासकांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हेच आढळले होते: वस्तू वापरण्याआधी लोक ती काय काय करू शकते याला अधिक महत्त्व देतात आणि वापरल्यानंतर ती वापरायला किती सोपी आहे याला. विकत घेणारे आपण आणि वापरणारे आपण यांच्यात हे अंतर असते आणि दुकानाची सारी मांडणी विकत घेणाऱ्यासाठी केलेली असते. त्यात किमतीचाही एक विचित्र दबाव असतो. दोन टाक्यांचे यंत्र साधारण दहा ते चौदा हजारांत येते, पुढून उघडणारे तीस हजारांच्या पुढे जाते; आणि परवडत असूनही कमी किमतीचे घेतले तर नातेवाइकांना कारण द्यावे लागते. आम्हालाही ते द्यावे लागले. माझ्या नणंदेने फोनवर विचारले, "वहिनी, पैशांची अडचण होती का?" तिच्या प्रश्नात काळजीच होती, पण साधेपणाकडे आपण प्रथम अडचण म्हणूनच पाहतो, हे त्यातून कळते.

आता प्रत्यक्ष धुण्याविषयी. यंत्राची खरी परीक्षा रंगपंचमीला झाली. राजवाड्यासमोरून निघणारी गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, पाहून घरची मुले परतली तेव्हा त्यांच्या कपड्यांचा मूळ रंग ओळखू येत नव्हता. मी टाकीत नुसते गार पाणी भरले, कपडे टाकले आणि टायमर तीन मिनिटांवर ठेवला. झाकण उघडेच होते, त्यामुळे पाणी आधी गुलाबी, मग जांभळे, मग काळसर होताना दिसत होते. टायमर संपायच्या आत मी पाणी सोडून दिले, पुन्हा भरले, पुन्हा सोडले आणि पाणी फिकट झाल्यावरच साबण घातला. फेस येईपर्यंत एका सदऱ्याची हिरवी बाही अजून रंग सोडते आहे असे दिसले, तेव्हा तेवढा सदरा बाहेर काढून बादलीत वेगळा भिजवला. कोणत्या क्षणी पाणी बदलायचे, कोणता कपडा काढायचा, कोणता आणखी दोन मिनिटे ठेवायचा, हा प्रत्येक निर्णय डोळ्यांनी पाहून घेता आला. ठरलेल्या क्रमाने चालणाऱ्या यंत्रात हे करता येत नाही असे नाही, पण ते थांबवून, दार सुटण्याची वाट पाहून, मग पुन्हा चालू करावे लागते, आणि तेवढ्यात त्या हिरव्या बाहीने शेजारच्या पांढऱ्या बनियनचे काम तमाम केलेले असते.

पाण्याची बचतही अशीच हाताने करावी लागते. साबणाच्या एकाच पाण्यात आम्ही आधी पांढरे कपडे, मग रंगीत आणि शेवटी पायपुसणी व फडकी धुतो. नंतर प्रत्येक खेप स्वच्छ पाण्यातून काढतो. येथे एक गोष्ट नि:संदिग्धपणे सांगायला हवी: एकाच खेपेचा हिशोब केला तर पुढून उघडणारे यंत्र कमी पाणी घेते. दोन टाक्यांचे यंत्र तेव्हाच बरोबरीला येते जेव्हा वापरणारा पाणी पुन्हा वापरतो. यंत्र स्वतःहून काहीही वाचवत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत मात्र तुलनाच होऊ शकत नाही. आमच्या जुन्या मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड जळला तेव्हा मोटर, टाकी, पाइप, सारे धडधाकट होते. पण त्या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, असे कंपनीच्या माणसाने सांगितले आणि संपूर्ण यंत्र भंगारात गेले. त्याची मला आजही हळहळ वाटते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात घरगुती उपकरणेही घेतली, ही चांगली गोष्ट आहे. तरीही जी वस्तू गल्लीतला मेकॅनिक उघडू शकतो, तिच्या दुरुस्तीसाठी हक्क मागत बसावे लागत नाही. नव्या यंत्राचा पट्टा सैल झाला तेव्हा आमच्या मेकॅनिकने मागचे झाकण काढले, मोटरचे बोल्ट ढिले करून ती जरा सरकवली, पट्टा ताणला आणि बोल्ट पुन्हा आवळले. मी शेजारी उभी होते आणि त्याने काय केले ते मला समजले. पट्टा, कपॅसिटर, टायमर, ब्रेकची तार, हे सारे सुटे भाग शहरात सहज मिळतात.

एवढे कौतुक केल्यानंतर या यंत्राचा जो सर्वांत मोठा दोष आहे, तो मी सौम्य शब्दांत सांगणार नाही. हे यंत्र माणसाला जवळ उभे करून ठेवते. पाण्याने जड झालेल्या चादरी वाकून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत टाकाव्या लागतात, मनगटे दुखतात, जमीन ओली होते. ड्रायरमध्ये कपडे एका बाजूला झुकले तर यंत्र धडधडायला लागते आणि सगळे काढून पुन्हा नीट दाबून, वर प्लॅस्टिकची जाळी ठेवून सुरू करावे लागते. साड्या चकतीभोवती पीळ घेतात; सासूबाईंची नऊवारी मी जाळीच्या पिशवीत घातल्याशिवाय टाकत नाही आणि माहेश्वरी साडी तर यंत्राला दाखवतही नाही. शर्टांच्या कॉलरी आधी हाताने घासाव्या लागतात.

हे कष्ट कोणाचे, हा प्रश्न अशा परीक्षणांत विचारला जात नाही, पण तो विचारायलाच हवा. 'धुण्याला बाई आहेच' म्हणून अनेक घरांत हे यंत्र घेतले जाते, किंवा सुनेच्या भरवशावर घेतले जाते. साध्या राहणीचा निर्णय एकाने घ्यायचा आणि त्याचे ओझे दुसरीने उचलायचे, हे मला मुळीच मान्य नाही. आमच्या घरी यंत्र घेण्याआधीच ठरले की चादरी आणि पडद्यांची रविवारची खेप माझे पती काढतील, वाळत घालण्याचे काम मुलांकडे राहील आणि धुणाऱ्या मावशींकडून यंत्राखेरीज वेगळे हातधुणे करून घ्यायचे असेल तर त्याचे वेगळे पैसे दिले जातील. हे ठरले नसते तर मी पंपासकट फुली ऑटोमॅटिकच घेतले असते.

म्हणून एकट्या राहणाऱ्या नोकरदार व्यक्तीला, पाठीचे दुखणे असणाऱ्याला, किंवा ज्यांच्या घरात तान्हे बाळ असून गरम पाण्याची धुलाई रोज लागत असेल त्यांना मी हे यंत्र सुचवणार नाही. ज्यांच्या इमारतीत पाण्याला चोवीस तास चांगला दाब आहे, त्यांनाही त्याची तितकी गरज नाही. पण ज्यांच्याकडे पाणी ठरावीक वेळी येते, बोअरचे पाणी जड आहे आणि घरात काम वाटून घेणारी माणसे आहेत, त्यांनी मागच्या भिंतीशी लावलेली ती रांग अवश्य पाहावी. घेताना तीन गोष्टी तपासाव्यात: खालून उंदीर शिरू नये म्हणून तळाला जाळी आहे का, ड्रायरचे झाकण उघडताच तो लगेच थांबतो का, आणि घरी न्हाणीघराची मोरी यंत्राच्या पाइपापेक्षा खाली आहे का. मोरी उंच असेल तर पाणी निघणार नाही. अशा वेळी यंत्राखाली भक्कम लोखंडी स्टँड करून घ्यावा लागतो, आणि तो यंत्र घरी येण्याआधीच केलेला बरा.