कानाच्या मशीनचं सेटिंग: दवाखान्यात की व्हिडिओ कॉलवर?

पहिल्यांदा श्रवणयंत्र लावताना दवाखान्यात जावंच लागतं. कानात मळ आहे का, मोल्ड (कानाच्या मापाचा साचा) नीट बसलाय का, कानाच्या पडद्यापाशी आवाज किती पोहोचतोय (हे कानात बारीक नळी घालून मोजतात), यातलं काही फोनवरून होत नाही. 250 ते 8000 हर्ट्झचा ऑडिओग्रामही (कुठल्या पट्टीत किती ऐकू येतं याचा आलेख) मी तरी साउंडप्रूफ खोलीतलाच मानतो. खरा प्रश्न त्यानंतरच्या, सेटिंग जुळेपर्यंतच्या फेऱ्यांचा आहे.

मी दोन्ही करून पाहिलं. दवाखान्यात श्रवणतज्ज्ञ मॅडम विचारायच्या, "आता कसं वाटतंय?" छानच वाटायचं. वाटणारच की! दार बंद, पंखा बंद आणि समोर एकच माणूस, तोही स्पष्ट बोलणं हाच ज्याचा पेशा. घरी येऊन बेसिनमध्ये ताटली पडली की कानात सुई घुसायची. पुढची वेळ पंधरा दिवसांनी. तोवर तो आवाज नेमका कसा होता, हे मलाच सांगता येत नसे. 'टोचतो', 'खणखणतो' असं काहीतरी सांगायचो. मॅडम अंदाजाने वरच्या पट्टीतला आवाज उतरवायच्या. मग ताटली सुसह्य व्हायची, पण बायकोचं बोलणं बोथट, कारण 'स' आणि 'श'ही त्याच पट्टीत असतात. तीन फेऱ्या हेच चाललं.

चौथ्यांदा कॉल केला. यंत्र ब्लूटूथने फोनला जोडलेलं, मॅडम पलीकडून सेटिंग बदलत होत्या आणि मी बेसिनपाशी उभा राहून ताटल्या आपटत होतो. मी दचकलेला त्यांना दिसला. त्यांनी वरची पट्टी पुन्हा चढवली आणि अचानक येणारे आवाज दाबणारं वेगळं सेटिंग वाढवलं. पुन्हा ताटली, अजून एक पायरी, पुन्हा ताटली. वीस मिनिटांत काम झालं. गंमत म्हणजे कॉलच्या अ‍ॅपने गोंगाट समजून ताटल्यांचा आवाज गाळून टाकला होता, मॅडमना तो जेमतेम ऐकू गेला. पण ऐकायचं मला होतं, त्यांना नाही.

स्पीच थेरपीत मात्र हीच गाळणी नडू शकते. पुतण्या 'साबण'ला 'थाबण' म्हणतो. लांबवलेला 'स' अ‍ॅपला सूंसूं वाटतो आणि थेरपिस्टला अर्धाच ऐकू येतो. गोंगाट गाळणं बंद केलं, वायरवाला माइक लावला, तेव्हा बरंच सुधारलं. लहान मूल पडद्यासमोर टिकत नाही, हे खरंच. आईबापांपैकी कुणीतरी शेजारी बसावं लागतं. तोतरेपणावरची लिडकम पद्धत मुळात पालकांच्या हातूनच चालते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वेबकॅमवरचे आणि दवाखान्यातले तिचे निकाल सारखेच दिसले. उच्चार अगदी बारीक ऐकायचे असतील, तर समोरासमोर बसणं कदाचित बरं.

यंत्र शिट्टी मारत असेल तर कॉलवर वेळ घालवू नका, बहुधा मोल्ड किंवा मळ असतो. बाकी सगळ्यासाठी मी आता कॉलच करतो. यंत्र आधी पूर्ण चार्ज करून ठेवा. आणि ताटल्या धातूच्या घ्या.