बाद फेरीच्या डावांतील चुका आणि लीचेसचे विश्लेषण

बुद्धिबळाच्या साखळी स्पर्धेत एखादा डाव हातचा गेला तर खेळाडूला पुढच्या फेऱ्यांमध्ये तो अर्धा किंवा एक गुण भरून काढता येतो. बाद फेरीत ती सोय नसते. दोन पारंपरिक, म्हणजे दीर्घ वेळेचे डाव, बरोबरी झाल्यास जलद डाव, तरीही कोंडी न फुटल्यास आणखी कमी वेळाचे डाव, आणि या साखळीत कुठेतरी एक घर चुकले की महिनोन्महिने केलेली तयारी तिथेच संपते. असे डाव पुन्हा पुन्हा लावून बघणे, नेमक्या कोणत्या चालीला पारडे फिरले आणि त्या चालीच्या उत्तरात समोरच्याला काय दिसायला हवे होते हे शोधणे, हा माझा अनेक वर्षांचा छंद आहे, आणि त्यासाठी मी लीचेस या संकेतस्थळावरील थेट प्रक्षेपण आणि विश्लेषणाची सुविधा नियमितपणे वापरतो. हे परीक्षण त्या एकाच उपयोगापुरते आहे. तिथे डाव खेळण्याचा अनुभव किंवा तिथली कोडी यांविषयी मी येथे लिहिणार नाही.

लीचेस हे संकेतस्थळ फ्रान्समध्ये नोंदणी झालेली एक ना-नफा संस्था चालवते. तिचा खर्च देणग्यांवर भागतो, पानांवर जाहिराती नसतात आणि विश्लेषणाचा कोणताही भाग पैसे भरणाऱ्यांसाठी राखून ठेवलेला नाही. विश्लेषणासाठी स्टॉकफिश हे इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, वापरले जाते, जे आपल्याच ब्राउझरमध्ये चालवता येते. पूर्ण डावाचे विश्लेषण मागवले तर ते काम स्वयंसेवकांनी देऊ केलेल्या संगणकांवर होते. थोड्या वेळात कोणाचे पारडे केव्हा किती जड होते याचा आलेख तयार होतो, प्रत्येक खेळाडूच्या किरकोळ चुका, चुका आणि घोडचुका मोजून दिल्या जातात, आणि डावातल्या वळणाच्या जागा चालींच्या यादीत प्रश्नचिन्हांनी दिसू लागतात.

या सुविधेचा कस पाहायचा तर मी नेहमी एकच डाव लावतो. तो बाद फेरीचा नाही, जगज्जेतेपदाच्या लढतीचा आहे, पण हुकलेली संधी म्हणजे काय हे त्याच्याइतके स्वच्छ दाखवणारा दुसरा डाव मला माहीत नाही. सोची येथे 2014 साली कार्लसन आणि आनंद यांच्यात झालेला सहावा डाव. तोपर्यंत दोघांचे गुण समान, अडीच-अडीच होते. पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कार्लसनची स्थिती चांगली होती आणि सव्विसाव्या चालीला त्याने राजा डी२ घरात नेला. त्या क्षणी पटाशेजारची मूल्यमापनाची पट्टी, जी कोणाची बाजू किती वरचढ आहे ते दाखवते, एकदम काळ्याच्या बाजूला झुकते. कारण आनंदला घोड्याने ई५ वरचे प्यादे खाता आले असते. घोडा बाजूला झाल्यामुळे पांढऱ्याचा हत्ती जी८ वरचा हत्ती मारतो खरा, पण काळा लगेच तो परत मारत नाही. त्याआधी घोडा सी४ वरचे प्यादे खाऊन शह देतो, राजा डी३ वर आला की बी२ वरून पुन्हा शह देतो, आणि मगच हत्तीची वसुली करतो. या उलाढालीत काळ्याला दोन प्यादी फुकट मिळतात. राजा डी२ वर आला नसता तर सी४ वरच्या घोड्याचा तो पहिला शह बसलाच नसता, म्हणजे सगळा डाव त्या एका घराने उघडा पडला होता. आनंदने फारसा वेळ न घेता ए-स्तंभावरचे प्यादे एक घर पुढे सरकवले. पट्टी पुन्हा पांढऱ्याकडे गेली आणि अडतिसाव्या चालीला कार्लसनने डाव जिंकला. आपण काय करून बसलो आहोत हे कार्लसनला स्वतःची चाल खेळल्यावर लगेच कळले होते, असे त्यानेच नंतर सांगितले.

हा प्रसंग लीचेसवर बघताना एक छोटी सोय फार उपयोगी पडते. इंजिन चालू असताना 'धोका दाखवा' हा पर्याय निवडला की आत्ता चाल समोरच्याची असती तर त्याने काय केले असते ते बाणाने दिसते. कार्लसनच्या चालीच्या आधीच्या स्थितीत हा पर्याय लावून पाहिला तर कळते की घोड्याची ही युक्ती तेव्हा अस्तित्वातच नव्हती. तिला जन्म दिला तो राजाच्या चालीने. हुकलेल्या संधींचे बरेचसे रहस्य इथे आहे असे माझे मत झाले आहे. खेळाडू आपल्या योजनेतली पुढची चाल मनात धरून बसलेला असतो, प्रतिस्पर्धी आपल्या दर्जाचा असल्याने तो ढोबळ चूक करणार नाही हे त्याने गृहीत धरलेले असते, आणि मागच्या अर्ध्या मिनिटात पटावर काय बदलले ते तपासायचे राहून जाते. इंजिनला गृहीतके नसतात. म्हणून त्याला ते दिसते.

चुकांवर शिक्के मारण्याची लीचेसची पद्धतही मला पटते. इंजिन वर्चस्व प्याद्यांच्या हिशेबात मोजते, पण एखाद्या चालीने मूल्यमापन किती प्याद्यांनी घसरले एवढ्यावरच चूक ठरत नाही, तर त्या घसरणीमुळे जिंकण्याची शक्यता किती कमी झाली हे पाहिले जाते. त्यामुळे नऊ प्याद्यांचे वर्चस्व सातवर आले तर त्या चालीला चिन्ह लागत नाही, कारण डाव तसाही जिंकलेलाच असतो. पण एका प्याद्याचे वर्चस्व जाऊन तेवढीच पिछाडी आली, म्हणजे फरक तोच दोन प्याद्यांचा असला, तरी ती घोडचूक ठरते. जुन्या पद्धतीच्या विश्लेषणात जिंकलेल्या डावाच्या शेवटी प्रश्नचिन्हांची रांग लागायची आणि खरा वळणबिंदू त्यात हरवून जायचा. तो त्रास येथे होत नाही.

मात्र बाद फेरीच्या डावांसाठी ही सुविधा वापरताना तिची मर्यादा प्रकर्षाने जाणवते, आणि ती केवळ लीचेसची नाही, या प्रकारच्या प्रत्येक साधनाची आहे. इंजिन डाव पाहते, लढत पाहत नाही. खेळाडूला या डावातून काय हवे आहे हे त्याला ठाऊक नसते.

बाकू येथे 2015 साली झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम लढतीत हे अगदी ठळकपणे दिसते. चार पारंपरिक डावांच्या त्या लढतीत रशियाच्या पीटर स्विडलरने आपल्याच देशाच्या सर्गेई कार्याकिनविरुद्ध पहिले दोन्ही डाव जिंकले होते. उरलेल्या दोन डावांतून त्याला फक्त अर्धा गुण हवा होता. तिसऱ्या डावात त्याच्याकडे पांढरी मोहरी होती, स्थितीही चांगली होती, आणि तरीही एका चुकीने तो डाव गेला. चौथाही गेला. पुढे जलद डावांमध्येही दोघे एकमेकांना आळीपाळीने हरवत राहिले आणि शेवटी कार्याकिन 6–4 असा जिंकला. दहा डाव, आणि त्यातला एकही बरोबरीत सुटला नाही. या दहा डावांचे आलेख मी एकाखाली एक लावून पाहिले आहेत. आघाडीच्या खेळाडूंच्या डावांचे आलेख सहसा बराच काळ मधल्या रेषेच्या आसपास रेंगाळतात. येथे ते करवतीच्या दात्यांसारखे वरखाली जातात.

आता तिसऱ्या डावाकडे स्विडलरच्या खुर्चीत बसून पाहावे. त्याच्या दृष्टीने मोठ्या वर्चस्वाची आणि निव्वळ बरोबरीची चाल यांची किंमत एकच होती, कारण दोन्हींनी विश्वचषक त्याचाच होणार होता. आपल्या वर्चस्वावर पाणी सोडून त्याने वजिरांची अदलाबदल केली असती आणि डाव समान झाला असता, तर लीचेसच्या आलेखावर ती चाल चूक म्हणून नोंदली गेली असती, आणि लढतीच्या हिशेबात ती सर्वांत शहाणी चाल ठरली असती. कार्याकिनच्या बाबतीत नेमके उलटे. ज्याला जिंकणे भाग आहे त्याने मोहरी मारून मारून स्थिती समान केली तर इंजिन त्याला शाबासकी देईल, पण प्रत्यक्षात तो बाहेर पडण्याच्या वाटेवर असेल. त्याने थोडी वाईट, पण गुंतागुंतीची चाल निवडणे योग्य असते आणि तिला मिळालेले प्रश्नचिन्ह त्याच्यावर अन्याय करते. त्यामुळे अशा डावांचे विश्लेषण उघडताना मी टिपणाच्या पहिल्याच ओळीत लढतीची गुणस्थिती आणि कोणाला काय हवे आहे ते लिहून ठेवतो. लीचेसच्या 'स्टडी' या विभागात प्रत्येक डावासाठी स्वतंत्र प्रकरण करता येते आणि प्रत्येक चालीखाली मजकूर लिहिता येतो, ही सोय यासाठी उत्तम आहे. इंजिनने लावलेले चिन्ह मला पटले नाही तर त्याखाली मी माझे कारण लिहितो.

दुसरी गोष्ट घड्याळाची. बाटुमी येथे जुलै 2025 मध्ये महिला विश्वचषकाची अंतिम लढत दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांच्यात झाली. दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले. मग पंधरा मिनिटे आणि प्रत्येक चालीला दहा सेकंदांची भर अशा वेळेचे जलद डाव झाले. त्यातला पहिला पुन्हा बरोबरीत, आणि दुसरा काळ्या मोहऱ्यांनी दिव्याने जिंकला. हा शेवटचा डाव हत्तींच्या अंत्यखेळात गेला. दोघींच्याही घड्याळात वेळ उरला नव्हता, भर म्हणून मिळणाऱ्या सेकंदांवरच चाली होत होत्या, आणि विजय हातात येणे, निसटणे, पुन्हा येणे असा क्रम सुरू होता. आरामखुर्चीत बसून, पट्टी पाहत या डावाला नावे ठेवणे फार सोपे आहे. पण प्रक्षेपणात चालींबरोबर घड्याळाच्या वेळाही नोंदलेल्या असतात आणि प्रत्येक चालीला लागलेल्या वेळाचा आलेख मूल्यमापनाच्या आलेखाजवळच पाहता येतो. हे दोन आलेख एकत्र वाचले की चित्र बदलते. मूल्यमापन जिथे कोसळते तिथे वर पाहावे, तर तिथे वेळेचे खांब जवळपास नाहीसे झालेले असतात. ही चूक अज्ञानाची नाही, दहा सेकंदांची आहे. हत्तीच्या अंत्यखेळात राजाने कोणत्या बाजूने जावे हे जाणण्यासाठी जिथे तासभराच्या खेळातही डोके खाजवावे लागते, तिथे दहा सेकंदांत काय निवडले गेले याचे मोल वेगळे धरायला हवे. माझ्या मते या संकेतस्थळावरचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाचा भाग हा वेळेचा आलेख आहे. घाईने पाहणारे बहुतेकजण तो उघडतही नाहीत.

पटावर राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली की लीचेस अंत्यखेळांचा पूर्ण सोडवलेला कोश समोर ठेवते. तेव्हा अंदाज संपतो. प्रत्येक शक्य चालीपुढे ती जिंकते, बरोबरी करते की हरते हे लिहिलेले असते. 'बरोबरी' या शब्दात किती काही दडलेले असते हे या यादीवरून समजते. एका स्थितीत दहा चालींपैकी नऊ चालींनी बरोबरी होते, दुसरीत फक्त एकीनेच होते. पट्टी मात्र दोन्ही वेळा शून्यच दाखवते. बचाव करणाऱ्याला सलग चार-पाच वेळा ती एकुलती एक चाल शोधावी लागत असेल, तर तो शेवटी चुकला याचे श्रेय दबाव टिकवणाऱ्या खेळाडूला द्यावे लागते. अनेक बाद फेऱ्या अशाच जिंकल्या गेल्या आहेत. शून्याच्या आतली ही अडचण पट्टीवरही दिसावी अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

थेट प्रक्षेपण बघताना पट्टी चालू ठेवावी की नाही, याविषयी माझा निर्णय झालेला आहे. मी ती बंद ठेवतो. पट्टी हलली की नजर तिच्याकडे जाते आणि पटावर चूक झाली आहे हे आपण स्वतः ओळखण्याची संधी कायमची जाते. माझी पद्धत अशी: डाव संपेपर्यंत इंजिन बंद, मला संशय आलेल्या चालींचे क्रमांक कागदावर, आणि त्यांच्यापुढे मला सुचलेले उत्तर. नंतर पूर्ण विश्लेषण मागवून दोन्ही याद्या शेजारी ठेवायच्या. पहिल्या काही महिन्यांत माझ्या यादीतल्या चाली आणि इंजिनच्या यादीतल्या चाली यांचा फारसा मेळ बसत नसे. मी त्यागांना आणि धाडसी चालींना संशयाने बघत होतो आणि खऱ्या चुका साध्या दिसणाऱ्या चालींत निघत होत्या: अकारण पुढे केलेले प्यादे, एक घर आधीच मागे घेतलेला हत्ती, राजाची शांत चाल. 'आपल्या चुकांपासून शिका' हा पर्यायही याच सरावाला जोडता येतो. तो चुकीच्या चालीपाशी डाव थांबवतो आणि त्याहून चांगली चाल आपल्याकडून शोधून घेतो. आपली बाजू बदलून तो पर्याय दुसऱ्यांदा लावला की एकाच डावातल्या दोघांच्याही चुका सोडवायला मिळतात.

ब्राउझरमधल्या इंजिनविषयी एक सूचना करावीशी वाटते. पट्टीवरचा पहिला आकडा हा घाईचा आकडा असतो. इंजिनने किती चाली खोल पाहिले तो अंक शेजारी दिलेला असतो. तो वाढेपर्यंत थांबावे आणि पहिल्या तीन पर्यायी चाली एकदम दिसतील अशी मांडणी निवडावी. पहिली चाल आणि दुसरी चाल यांत मोठी दरी असेल तर तिथे खरी कसोटी होती असे समजावे, तिन्ही जवळपास सारख्या असतील तर खेळाडूने काहीही निवडले तरी बिघडत नव्हते. बाकूच्या त्या तिसऱ्या डावात वळणाच्या चालीच्या आधीच्या स्थितीवर ही मांडणी लावून पाहा. स्विडलरला सांभाळून नेणाऱ्या चाली एकाहून अधिक होत्या, आणि त्या स्थितीवर मी आजही सर्वांत जास्त वेळ थांबतो.